खालची बाजू

आई जानेवारीत गेली.
विरजण मात्र जगलं
शेजारच्या येद्विगाबाईंच्या फ्रिजमध्ये,
काकडीच्या लोणच्यामागे, झाकण सैल ठेवून.
"त्याला श्वास लागतो," म्हणाल्या,
आणि ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी
बरणी माझ्या हातात दिली,
जणू कुणाचं मूल घरी सोडायला आल्या होत्या.

मी उतेना-मोलेताई मार्गावर बस चालवतो.
साठी उलटली, पण अंडं उकडण्यापलीकडे
मजल गेली नाही.
आईनं कृती लिहून ठेवली नव्हती.
विचारलं तर म्हणायची, पीठ मागेल तेवढं पाणी.
माझ्याशी पीठ काही बोललं नाही.
राय धान्याचं करडं पीठ, ओल्या सिमेंटसारखं
काठवटीतून कोपरापर्यंत चढलं,
आणि तेवढ्यात फोन वाजला.

गिंतारे. आयर्लंडहून.
मशरूमच्या शेडमधली पाळी संपवून.
नाकानंच स्पीकर लावला.
शहाजिरं घातलंस? घातलं.
रात्रभर ठेवलंस? ठेवलं.
"आणि खाली कोबीची पानं लाव."
कोबीची? मेपलची.
"कोबीची, आल्गी. बाहेरची, जाड.
मी स्वतः धुवायचे ती."

मेपलची होती. अंगणातली.
आई मला खालच्या फांदीवर चढवायची,
पंजाएवढी हवीत, न फाटलेली,
नुकती पिवळी होऊ घातलेली.
भट्टीतून निघालेला पाव उलटा केला
की तळाला पानाच्या शिरा.
त्यांवरून बोट फिरवायचो मी
आणि ती विचारायची, हा रस्ता कुठं जातो रे?
विल्नियसला. हा समुद्राला. हा मावशीकडे.
बसचा ड्रायव्हर उगाच नाही झालो.

आम्ही भांडलो.
साठीचा मी, सेहेचाळीसची ती,
दोन हजार किलोमीटरवरून, पानांपायी.
"तुझी आई वेगळी होती का?" म्हणाली
आणि फोन ठेवला.

येद्विगाबाई कुंपणाशी पडकी सफरचंदं वेचत होत्या.
मान वर न करता त्यांनी निवाडा केला:
"तुला रशियनांच्या फौजेत नेलं ना,
त्याच सालच्या वादळात तो मेपल उभा चिरला.
तुझ्या बापानं पाडला.
मग कोबी. दुसरं काय?"

दोन वर्षांनी परतलो तेव्हा
स्वयंपाकघरात उजेड जास्त वाटला होता.
वाटलं, भिंती रंगवल्या असतील.
एकविसाव्या वर्षी
घरातलं काय नाहीसं झालं
हे कोण विचारतं?

"लाकडाचं काय केलं त्यांनी?"
"पाव भट्टीत सारतोस ते फावडं कशाचं आहे मग?"

ते दाराला टेकून उभं होतं.
कडा जळून काळ्या,
लांब दांडा दोन जागी बारीक झालेला,
जिथं आईच्या मुठी बसायच्या तिथं.
मला लाकडातलं कळत नाही.
असेलही.
येद्विगाबाईंची आठवणसुद्धा
चौऱ्याऐंशी वर्षांची आहे.

शेवटच्या थांब्यावर बस दहा मिनिटं थांबते.
शाळेमागच्या झाडांखाली वाकलो,
तिकिटांच्या डब्यात पानं भरली.
दोन शाळकरी पोरं बघत होती, हसली नाहीत.

एक पाव मेपलवर भाजला, एक कोबीवर.
दोन्ही जड, मधोमध ओलसर,
एकाची चीर पार बुडापर्यंत.
आईनं एक कोंबड्यांना घातला असता.
दुसराही घातला असता.

कोबीवरचा पार्सलनं पाठवला.
पाचव्या दिवशी तिनं कॅमेरा लावला.
आधी कापला नाही, वासही घेतला नाही.
उलटा केला,
आणि मधल्या जाड शिरेवरून
अंगठा फिरवत राहिली, वर, खाली, परत वर.

"जड झालाय," म्हणाली.
मग म्हणाली, थांब, सुरी आणते.
तेवढा वेळ माझ्या हातात
तिच्या स्वयंपाकघराचं छत होतं,
आणि कुठंतरी खण उघडल्याचा आवाज.